हिशेब येतो म्हणून गणित सोडलं

इथे बहुतेक जण जुन्या वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या आठवणी लिहितात, मीही लिहिल्यात. आज एक आठवण सांगतो, आणि तिच्या आधाराने जरा स्पष्ट बोलतो. ज्यांच्या घरी नववी-दहावीतलं नातवंड आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट १९६६ची, आमच्या इंदूरची. तेव्हा मध्य प्रदेशात अकरावीला हायर सेकंडरी असे आणि विषयांचा गट नववीतच निवडावा लागे. मी चौदा वर्षांचा. आमचे मोठे काका ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांनी विचारलं, "आठवीत गणितात किती?" मी म्हटलं, "बेचाळीस." काका म्हणाले, "मग कॉमर्स. बँकेत चिकटेल." पान तोंडात गेलं, निर्णय झाला. वडील काही बोलले नाहीत, मोठ्या भावापुढे बोलायची पद्धतच नव्हती. मलाही आतून बरंच वाटलं, कारण गणिताच्या मास्तरांची छडी सुटणार होती.

काकांचं म्हणणं खरं ठरलं, मी बँकेत चिकटलो. पण मधे एक गोष्ट झाली, ती मी घरातही फारशी सांगितली नाही. बी.कॉम.ला सांख्यिकीचा एक पेपर होता. त्यात मला इतकी गोडी लागली की १९७२ साली पदवी झाल्यावर पुढे तोच विषय शिकायचं मनात आलं. फॉर्म भरून खिडकीवर गेलो. आतल्या बाबूने गुणपत्रिका पाहून फॉर्म परत सरकवला. म्हणाला, "पदवीला गणित कहाँ है?" पदवीला गणित घ्यायचं तर हायर सेकंडरीला गणित हवं होतं, आणि ते मी नववीतच सोडलेलं. पानाच्या एका विड्याएवढ्या वेळात झालेला निर्णय सहा वर्षांनी खिडकीवर भेटला. त्या बाबूचा काही दोष नव्हता, नियम तसाच होता.

पुढे पस्तीसेक वर्षं बँकेत काढली. आपण मराठी माणसं अभिमानाने म्हणतो, आम्ही हिशेबात पक्के. मीही होतो. सेव्हिंग खात्यावर तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज लागत असे. लेजरमागून लेजर मी हाताने काढलीत, चूक सापडायची नाही. पण हिशेब वेगळा आणि गणित वेगळं, हे कळायला मला कर्ज विभागात जावं लागलं. घरकर्जाचा हप्ता आम्ही छापील तक्त्यातून बघत असू. समजा एक लाख रुपये, बारा टक्के, दहा वर्षं, तर महिन्याला १,४३५ रुपये. एकदा एका शिक्षक खातेदाराने विचारलं, "साहेब, हा आकडा आला कुठून?" मी म्हटलं, "तक्त्यातून." ते हसले आणि गप्प बसले. ते हसणं अजून आठवतं.

आता मुद्द्यावर येतो.

तीन वर्षांपूर्वी माझी नात दहावीत गेली. शाळा सी.बी.एस.ई.ची. २०२०च्या परीक्षेपासून या बोर्डात दहावीला गणिताचे दोन पर्याय आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक. पुस्तक तेच, अभ्यासक्रम तोच, फक्त बेसिकचा पेपर सोपा. दहावीच्या वर्षात शाळा बोर्डाकडे विद्यार्थ्यांची यादी पाठवते, त्यात कोणता पर्याय ते नोंदवायचं असतं. नात जरा घाबरलेली होती. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा." आणि मी, त्या खिडकीवरून परत आलेला माणूस, काय सांगावं? "बेसिक घे. टक्के वाढतील. कॉमर्सच तर करायचंय." पान तेवढं नव्हतं, बाकी मी मोठे काकाच झालो होतो.

टक्के वाढले. पेढे वाटले. अकरावीच्या प्रवेशाला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मला इकॉनॉमिक्स करायचंय, दिल्लीला." दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला सी.यू.ई.टी.मध्ये गणित किंवा अप्लाइड गणित द्यावंच लागतं. शाळेने सांगितलं, बेसिकवाल्यांना गणित, म्हणजे ०४१ क्रमांकाचा विषय, आम्ही देत नाही. घरी येईपर्यंत रिक्षात कोणी बोललं नाही. ती मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

वाट निघाली ती अप्लाइड गणिताची. हा विषय बोर्डाने २०२०-२१पासून अकरावीला आणला, क्रमांक २४१, आणि बेसिकच्या मुलांना तो घेता येतो. सुदैवाने तिच्या शाळेत तो होता. सगळ्या शाळांत नसतो, हे ध्यानात ठेवा. बेसिकवाल्यांना ०४१ देण्याबाबत बोर्डाने मधे काही वर्षं सवलतही दिली होती, म्हणून शाळेत तोंडी विचारून परत येऊ नका, त्या वर्षाचं परिपत्रक मागून वाचा. आम्ही वाचलं नव्हतं.

यावर माझं मत सांगतो. पंधराव्या वर्षी गणित सोडण्याचा निर्णय गुण बघून घेऊ नये, पुढची यादी बघून घ्यावा. गुण आज दिसतात, बंद झालेलं दार तीन-चार वर्षांनी दिसतं. म्हणूनच आपण फसतो.

आपल्याकडे समज असा की गणित फक्त इंजिनिअरिंगवाल्यांना लागतं. जरा बघा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बी.स्टॅट.ला बारावीत गणित पाहिजेच. आर्किटेक्चरलाही पाहिजे. चित्रकला चांगली म्हणून आर्किटेक्ट व्हायचं म्हणणारी मुलं इथेच अडकतात. आपल्या महूजवळची पुष्कळ मुलं, आणि २०२२पासून मुलीही, एन.डी.ए.चं स्वप्न बघतात. आर्मीसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो.

म्हणजे दारं दोन तऱ्हेची असतात. एका दारावर अट लिहिलेली असते. दुसऱ्यावर काही लिहिलेलं नसतं, पण आत गेल्यावर गणितच विचारतात. आपल्या गावातलंच बघा. इंदूरच्या आय.आय.एम.मध्ये २०११पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला कोणत्याही शाखेचं मूल बसू शकतं. पण प्रवेश परीक्षेत लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, श्रेढी असतात, आणि बारावीला गणित नसलेल्या मुलाला ते सगळं नव्याने शिकावं लागतं. सी.ए. फाउंडेशनलाही बारावीत गणिताची अट नाही, पण तिसऱ्या पेपरात ४० गुण व्यावसायिक गणिताला आणि ४० सांख्यिकीला आहेत. "कॉमर्सच तर करायचंय" हे माझं वाक्य इथेच खोटं पडतं.

सगळ्यांनी गणित घ्यावंच, असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या मुलाला वकील व्हायचं होतं. क्लॅटमध्ये गणिताचा भाग जेमतेम दहा टक्के, तोही दहावीच्या पातळीचा. त्याने सोडलं, आनंदात आहे. ज्याला गाणं किंवा चित्रकला करायची आहे, त्याला डिफरन्शिएशनच्या मागे रडवू नका. पण त्याने सोडलं ते यादी बघून. माझ्या वेळी काकांनी बेचाळीस बघून सोडवलं, आणि मी नातीच्या वेळी टक्के बघून. फरक तेवढाच आहे आणि तोच सगळा आहे.

तर मंडळी, एवढं करा. फॉर्म भरायच्या आधी मुलाला जवळ बसवून आवडणारे चार-पाच अभ्यासक्रम कागदावर लिहायला सांगा, आज वेडगळ वाटले तरी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: बारावीला गणित हवं का, हवं तर अप्लाइड चालतं का, आणि प्रवेश परीक्षेत गणित आहे का. माहिती त्या त्या संस्थेच्या त्या वर्षीच्या पत्रकातून घ्या. शेजाऱ्याच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावरून ठरवू नका, हे नियम बदलत असतात. इंजिनिअरिंगचा जरासाही विचार असेल तर ०४१च घ्या. आणि मन पक्कं नसेल तर दहावीत स्टँडर्ड ठेवा. चार टक्के कमी पडले तर पेढे थोडे कमी वाटा.

आणि आपण आजी-आजोबांनी निर्णय देऊ नये, कागद-पेन द्यावं. पेन्शनरांना वेळ आहे, पत्रकं वाचायचं काम आपल्याकडे घ्यावं.

नात आता बारावीत आहे. अप्लाइडच्या पुस्तकात कर्जाच्या हप्त्याचा धडा आहे. मागच्या आठवड्यात संध्याकाळी तिला म्हटलं, "मला शिकव." तिने वहीवर गुणोत्तर श्रेढी मांडली, एकेका हप्त्याची आजची किंमत काढून बेरीज केली. एक लाख, बारा टक्के, दहा वर्षं. खाली आकडा आला १,४३५. मी चष्मा काढून पुसला. ती म्हणाली, "आजोबा, हे तुम्हाला बँकेत येत नव्हतं?"

म्हटलं, "नाही गं. मी तक्त्यातून बघत होतो."

दिल्लीला नंबर लागेल की नाही, ते पुढच्या वर्षी कळेल. तुमच्या घरी गणित कोणी सोडवलं, कोणी धरून ठेवायला लावलं, आणि पुढे काय झालं, ते खाली लिहा. नववी-दहावीतल्या मुलांच्या आईवडिलांना त्याचा उपयोग होईल.