टाकीतला कर आणि पाठीवरची गोणी



डिझेल-पेट्रोल महागले की पेपरात कुणाचे फोटो येतात ते एकदा नीट बघा. पहिला फोटो मोटारीची काच खाली करून पंपावर तोंड वाकडे केलेल्या साहेबाचा. दुसरा ट्रकमालकांच्या पुढाऱ्याचा, पांढरे कपडे, मागे फलक, 'चक्का जाम'. तिसरा फोटो कधी छापून येत नाही. ट्रकवर जो माल चढवतो त्याचा.

मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी मजूर आहे. मॅट्रिक आहे, कविता लिहितो, आणि पाळीला किती टन माझ्या टोळीच्या हाताखालून जातात याचा हिशेब मुकादमापेक्षा मला चांगला ठाऊक असतो. म्हणून हा कराचा हिशेब मीच मांडतो. विद्वान मांडतात तेव्हा हमाल 'किरकोळ खर्च' या रकान्यात जातो.

सुरुवात २०२० पासून करू. त्या एप्रिलात जगात तेलाला गिऱ्हाईक उरले नव्हते. विमाने जमिनीवर, गाड्या दारात. अमेरिकेत २० एप्रिलला वायद्याचा भाव शून्याखाली गेला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. आपल्याकडे येणारे क्रूड पिंपाला २० डॉलरच्या आसपास होते. आमच्या गोदीसमोर समुद्रात जवाहर द्वीप आहे, जुने कामगार त्याला बुचर आयलंड म्हणतात. तेलाची जहाजे तिथे लागतात आणि समुद्राखालच्या नळांनी तेल माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जाते. (हे तेच माहुल, जिथे तानसाच्या पाइपलाइनीवरच्या झोपड्या उठवून माणसे आणून टाकली. तेल शुद्ध करायचे आणि हवा त्यांनी खायची.) तर ती सगळी स्वस्ताई आमच्या डोळ्यांसमोर, पाण्याखालून गेली. पंपापर्यंत काही ती पोचली नाही.

कारण ६ मे २०२० पासून केंद्र सरकारने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर चढवला. मार्चमध्ये ३ रुपये आधीच चढवले होते. पंपावरचा भाव त्या दिवशी हलला नाही, म्हणून बोंब झाली नाही. पाकीट मारायचे आणि आत कागद भरून ते तेवढेच जाड ठेवायचे, तसला प्रकार. पुढे क्रूड वर चढले तेव्हा पाकीट उघडले. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली, ऑक्टोबरात डिझेलने.

आता एका गाडीचा हिशेब. बीड जिल्ह्यातला एक ड्रायव्हर आमच्याकडे लोखंड भरायला येतो, सगळी टोळी त्याला मामा म्हणते. गोदीतून जालन्याला लोखंड न्यायचे, अंदाजे ४०० किलोमीटर. जाऊन येऊन ८००. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असे धरा, म्हणजे २०० लिटर डिझेल. २०१४ साली डिझेलवर केंद्राचा कर लिटरला ३ रुपये ५६ पैसे होता. एका फेरीला ७१२ रुपये. मे २०२० नंतर तोच कर ३१ रुपये ८३ पैसे. एका फेरीला ६,३६६ रुपये. रस्ता तोच, लोखंड तेवढेच, मामाच्या डोळ्यांवरची झोप तीच. राज्य सरकारचा व्हॅट यात धरलेलाच नाही, तो वेगळा.

बरं, हा पैसा कुठे जातो? इथे खरी गोम आहे. केंद्राच्या मूळ उत्पादन शुल्कातला हिस्सा राज्यांना द्यावा लागतो. पण सेस आणि अधिभार यांतला द्यावा लागत नाही. म्हणून वाढवायचे ते सेस आणि अधिभार. २०२१ च्या फेब्रुवारीत डिझेलवर केंद्राचे ३१ रुपये ८० पैसे होते, त्यातले वाटणीत येणारे मूळ शुल्क फक्त १ रुपया ८० पैसे. त्याचे ४१ टक्के राज्यांचे. करा हिशेब. सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे ७४ पैसे. बाबासाहेबांनी १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर अख्खा ग्रंथ लिहिला तो याच प्रश्नावर, की तिजोरी वरच्या सरकारची किती आणि प्रांतांची किती. आपण त्यांचा फोटो लावतो, हा ग्रंथ उघडत नाही. मी पण उशिराच उघडला.

राज्य सरकारे बिचारी आहेत असे मात्र समजू नका. हमरस्त्यावरची दारूची दुकाने सुप्रीम कोर्टाने बंद केली आणि महसूल बुडाला, तेव्हा २०१७ च्या एप्रिलात महाराष्ट्र सरकारने तो खड्डा पेट्रोलवर लिटरमागे ३ रुपये लावून भरला. दारू दुसऱ्याने प्यायची आणि बिल स्कूटरवाल्याने भरायचे! जून २०२० मध्ये, हाताला काम नसताना, आणखी २ रुपये.

२०२०-२१ या एका वर्षात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून सुमारे ३.७ लाख कोटी रुपये गोळा केले. आता जरा मागे जा. २०१९ च्या सप्टेंबरात याच सरकारने कंपन्यांच्या नफ्यावरच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखानदारीला १५ टक्के. नफ्यावरचा कर उतरला आणि डिझेलवरचा चढला. नफा झाला तर कंपनी कर भरते. मामाला फेरीत तोटा झाला तरी डिझेलचा कर त्याने आधीच, टाकी भरतानाच भरलेला असतो. हा कर माणूस बघत नाही. टाकी बघतो. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि वरचे श्रीमंत वर्ग तिजोरीत जवळपास काहीच घालत नाहीत. मधे किती वर्षे गेली ते तुम्ही मोजा.

आता माझा मुद्दा. हा कर ट्रकमालक भरतो असे म्हणतात. साफ खोटे. त्याच्या हातून तो जातो एवढेच.

ज्याच्याकडे शे-दोनशे गाड्या आहेत त्याचे कारखान्यांशी करार असतात. डिझेल वाढले तर भाडे वाढेल असे कलम त्यात लिहिलेले असते. त्याला झळ लागत नाही. ज्याची एकच गाडी, तीही फायनान्सवर, तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बाकड्यावर बसतो आणि दलाल देईल ते भाडे घेतो, कारण हप्त्याची तारीख कुणासाठी थांबत नाही. मामाने २०२१ मध्ये पहिल्यांदा क्लीनर काढून टाकला. विचारले तर म्हणाला, "पोरा, क्लीनरचं पगार डिझेलमदी गेलं." आता चारशे किलोमीटर तो एकटा जातो, टायर एकटा बदलतो आणि झोप आली की गालात मारून घेतो. उद्या कुठे गाडी उलटली तर पेपर लिहील, चालकाचा ताबा सुटला.

आणि आमच्यापर्यंत तो कसा आला ऐका. त्याच दिवसांत मुकादम टोळीसमोर उभा राहिला.

"डिझेल लई वाढलंय. शेठला परवडत नाही. टनामागं दोन रुपये कमी घ्या."

आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "आम्ही काय डिझेल पितो का?"

"तुम्ही नाही, गाडी पिती."

झाले. टनामागे दोन रुपये कमी. ना कागद, ना सही. नको असेल तर गेटच्या बाहेर माणसे उभीच होती. त्यांत माझा चुलतभाऊ पण होता, मग कुणाशी भांडणार? नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचा कर १० रुपयांनी उतरवला, मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपयांनी. आम्ही मुकादमाकडे गेलो. म्हटले, आता आमचे दोन रुपये परत द्या. तो हसला. "ते वेगळं," म्हणाला. काय वेगळे ते त्याने सांगितले नाही. आजतागायत ते दोन रुपये आलेले नाहीत. कर चढताना जिना उतरून आमच्या घरात येतो, उतरताना मात्र मधल्याच मजल्यावर मुक्काम करतो. २०२५ च्या एप्रिलात केंद्राने पुन्हा २ रुपये चढवले, तेव्हाही पंपावरचा भाव हलला नाही आणि तेव्हाही कुणी बोलले नाही. केंद्राचा हिस्सा डिझेलच्या लिटरला १७ रुपये ८० पैसे झाला. मामाच्या फेरीला ३,५६० रुपये. २०१४ च्या पाचपट.

मोटारवाल्यांबद्दल थोडेच लिहितो, त्यांचे लिहायला पुष्कळ आहेत. पण पेट्रोल पिणाऱ्यांत मोटारीपेक्षा दुचाक्या जास्त, हे विसरू नका. जेवणाची पार्सले घेऊन पळणारी आपल्या वस्तीतली पोरे पेट्रोल स्वतःच्या खिशातून टाकतात. लिटरमागचा कर त्यांना आणि मलबार हिलच्या मोटारीला सारखाच. यालाच समता म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

मध्यंतरी एक शिकलेला मित्र म्हणाला, "तेलावर कर हवाच. धूर कमी होतो." त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. धूर सगळ्यात आधी आमच्याच फुप्फुसात जातो, गोदीत ट्रकांच्या रांगेत उभे राहून बघा. पण धुरासाठी कर घेतलात तर तो पैसा बसमध्ये दिसला पाहिजे. मुंबईत काय दिसले? बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या घटत गेल्या, कंत्राटी आल्या, आणि ९ मे २०२५ पासून साध्या बसचे कमीत कमी भाडे ५ रुपयांवरून १० केले. पेट्रोल महाग म्हणून जो बसकडे वळेल त्याला बसमध्ये पण झोडायचा. मग धुराचे नाव कशाला घेता? सरळ सांगा, पैसे पाहिजेत, आणि ज्याच्याकडून काढणे सोपे त्याच्याकडून काढतो.

आता जे मुख्य बोलायचे ते. ट्रकमालकांची मंडळी आमच्या टोळीकडे आली आहेत. पुन्हा चक्का जाम करायचा म्हणतात, हमालांनी साथ द्या. टोळीत दोन तट पडले आहेत. काही म्हणतात, मालकांचे भांडण आहे, आपल्याला काय. काही म्हणतात, डिझेल उतरले तर आपलेही भले होईल. मला दोन्ही पटत नाही.

२०१८ चा जुलै आठवा. आठ दिवस देशभर ट्रक उभे होते. डिझेल, टोल, विम्याचा हप्ता, मागण्या सगळ्या मालकांच्या. माझा बाप तेव्हा मस्जिद बंदरच्या गोदामात गोण्या उचलायचा. आठ दिवस रोज बुडाला, आईने किराणावाल्याकडे वही वाढवली. शेवटी सरकारने समितीचे आश्वासन दिले आणि गाड्या सुटल्या. हमालाचा शब्द त्या आश्वासनात कुठे होता? आणि १ जानेवारी २०२४ आठवा. अपघात करून पळालेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत तुरुंग, या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडले. पंपावर रांगा लागल्या, साहेबलोकांची धांदल उडाली. दुसऱ्या दिवशी रात्री सरकारने सांगितले की चर्चेशिवाय ते कलम लागू करणार नाही. बाकीचा कायदा त्या जुलैत लागू झाला, तेवढे कलम बाजूला ठेवून. मालकांचे आठ दिवस आणि ड्रायव्हरांचे दोन दिवस, वजन करून बघा.

म्हणून मी टोळीत बोललो. साथ द्यायची, पण फुकट नाही. त्यांच्या पत्रकात आमच्या तीन ओळी गेल्या पाहिजेत. डिझेल वाढले म्हणून हमालीचा दर कापता येणार नाही, आणि कापलेला परत मिळाला पाहिजे. लांबच्या फेरीला गाडीवर दुसरा माणूस पाहिजे. जाम चालेल तितक्या दिवसांची अर्धी मजुरी मालकांच्या निधीतून पाहिजे. आणि मागणी नुसती 'कर कमी करा' एवढी ठेवायची नाही. कमी केलेला कर कंपन्यांच्या नफ्यावर चढवा, हे पण लिहायचे. नाहीतर उद्या सरकार म्हणेल, डिझेल उतरवले, आता वस्तीतल्या शाळेला आणि दवाखान्याला पैसे नाहीत. पुन्हा आमच्याच ताटातून.

मालकांच्या पुढाऱ्याने कागद वाचला. पहिल्या दोन ओळींवर त्याने मान हलवली. अर्ध्या मजुरीच्या ओळीवर चष्मा काढला. नफ्याच्या ओळीला म्हणाला, "हे राजकारण झालं, भाऊ. आपलं फक्त डिझेलचं बघू."

कागद त्याने खिशात घातला आहे. येत्या रविवारी संध्याकाळी ट्रक टर्मिनलमागच्या चहाच्या टपरीवर पुन्हा बसायचे ठरले आहे. मामाला निरोप धाडला आहे, तो आणखी चार ड्रायव्हर घेऊन येतो म्हणाला. ज्यांना जमेल त्यांनी या. येताना कागद-पेन आणा, कारण या वेळी जे ठरेल त्यावर मी त्यांची सही घेणार आहे.