मागे घेताना कोण ‘होय’ म्हणाले?



बाजारात कपाशीच्या गाडीवर बोली झाली की पुकारणाऱ्याला मागे फिरता येत नाही, असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे काट्यावर आपण पाहतोच. गाडी निम्मी रिकामी झाली की “माल ओला निघाला” म्हणून भाव तोडतात. पण नियम आहे म्हणून निदान भांडता तरी येते. विधिमंडळात आपल्या नावाने पुकारलेली बोली मागे घेतली जाते तेव्हा भांडायला कोणी नसते, कारण गावात ते कोणाला कळतच नाही.

ऑक्टोबर २०१८ आठवा. दिवाळीच्या तोंडावर राज्य सरकारने १९६३ च्या कृषि उत्पन्न पणन कायद्यात अध्यादेशाने बदल केला. बाजार समितीची सत्ता तिच्या आवाराच्या भिंतीपर्यंत, बाहेरच्या खरेदीवर तिचे नियंत्रण नाही. अध्यादेश म्हणजे उसनवारीचा कायदा. घटनेच्या कलम २१३ प्रमाणे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधेयक संमत झाले नाही तर तो आपोआप मरतो. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी विधेयक आले. विधानसभेने ते संमत केले. नवी मुंबईच्या बाजारात व्यापारी आणि माथाडी यांनी बंद पाळला, आणि तेच विधेयक सरकारने विधान परिषदेत मागे घेतले. ऐन कपाशीच्या हंगामात एक कायदा आला, महिनाभर राहिला आणि गेला.

विधेयक चांगले की वाईट, यावर आपल्या कार्यकर्त्यांतही दोन तट आहेत. भिंतीबाहेर विकायची मोकळीक हवी असे म्हणणारे आहेत. बाहेर पैसे बुडाले तर दाद कोणाकडे मागायची, असे विचारणारेही आहेत. मी पहिल्या तटातला. ते भांडण आज बाजूला ठेवू. हमालांशी तर आपले भांडणच नाही. त्यांनी आपले हित ओळखले आणि सरकारला वळवले. माझा सवाल सभागृहात बसलेल्यांना आहे.

विधेयक मांडणारा, म्हणजे बहुतेक वेळा मंत्री, ते कोणत्याही टप्प्यावर मागे घेण्याची परवानगी सभागृहाकडे मागू शकतो. ‘परवानगी’ हा शब्द नीट वाचा. विधेयक एकदा मांडले की ते मंत्र्याच्या खिशातले राहत नाही, सभागृहाचे होते. लोकसभेचा नियम ११० तीनच कारणे मानतो. प्रस्तावच सोडून द्यायचा असेल, किंवा बदललेले नवे विधेयक आणायचे असेल, किंवा यातल्या तरतुदी घेऊन आणखी मोठे विधेयक आणायचे असेल. कोणी विरोध केला तर दोन्ही बाजूंना थोडक्यात बोलू देऊन प्रश्न मतास टाकता येतो. आणि राज्यसभेत सुरू झालेले विधेयक लोकसभेत मागे घ्यायचे असेल तर आधी राज्यसभेची सहमती लागते. ज्याने पेरले त्याला न विचारता दुसऱ्याने उभ्या पिकात वखर घालायचा नाही, इतका साधा न्याय आहे हा. आपल्या विधिमंडळातही तो तितक्याच कडकपणे पाळला गेला पाहिजे. विधानसभेने संमत केलेले विधेयक परिषदेत गुंडाळताना विधानसभेतल्या २८८ जणांना काहीच वाटू नये?

आता मतदान. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. आवाज ऐकून निकाल. यात कोणाचे नाव लिहिले जात नाही. एखाद्याने मतविभाजन मागितले, ज्याला विधानभवनात पोल म्हणतात, तरच घंटा वाजते, मोजणी होते आणि नाव कागदावर चढते. मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव, जळगाव जामोद. आपल्या या सात मतदारसंघांचा आमदार आवाजी मतदानात काय बोलला, हे तुम्हाला कोणत्याही कागदावर सापडणार नाही. तो गावात येऊन खुशाल सांगेल, मी तर विरोधच केला होता.

सरकार बदलले तरी रीत बदलली नाही. केंद्राच्या तीन कायद्यांना उत्तर म्हणून जुलै २०२१ मध्ये त्या वेळच्या राज्य सरकारने तीन कृषी विधेयके मांडली, लोकांकडून सूचना मागवल्या आणि त्यासाठी दोन महिने दिले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी संसदेने केंद्राचे कायदे रद्द केले, लोकसभेत तर चर्चेविना. डिसेंबरमध्ये राज्याची विधेयकेही मागे. कारण वाजवी होते, हे मान्य. ज्या कायद्यांना दुरुस्ती करायची ते कायदेच उरले नव्हते. पण त्यात कराराच्या शेतीला हमीभावाचा आधार आणि शेतकऱ्याचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला चाप होता. तेवढा भाग घेऊन नवे विधेयक आणू, असे सांगायला नियमात जागा आहे. ती जागा वापरा, असा आग्रह सभागृहात धरणे हे विरोधी बाकांचे काम होते.

९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. ते एक मत शरद जोशींचे होते. त्यांचे मत अनेकांना पटले नाही, आपल्या मायबहिणींतही. पण मतविभाजन झाले म्हणून ते ‘नाही’ आजही नावानिशी वाचता येते, आणि त्यांच्याशी वाद घालता येतो. २० सप्टेंबर २०२० ला त्याच सभागृहात शेतीच्या विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन मागितले होते. ते न देता विधेयके आवाजाने संमत झाली. पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी का बसले, याच्या कारणांत तो दिवसही धरा.

जिल्हा बैठकीत एक ठराव येणार आहे. शेतीमालाचा भाव, बाजार किंवा बियाणे यासंबंधीचे कोणतेही विधेयक मागे घ्यायचे झाले तर कारण लेखी असावे, ते दोन दिवस आधी सदस्यांना मिळावे, आणि आपल्या सातही आमदारांनी त्या वेळी उभे राहून पोल मागावा, असे लेखी वचन त्यांच्याकडून घ्यायचे. पक्ष कोणता, हे बघायचे नाही. ज्वारीचा भाव पडतो तेव्हा तोही पक्ष विचारत नाही.

ठरावाचा मसुदा तालुका प्रतिनिधींकडे दिला आहे. त्यात फेरफार सुचवायचा असेल तर बैठकीआधी लिहून द्या. मतदान हात वर करून होईल, आणि विरोधात असतील त्यांची नावे वृत्तांतात लिहिली जातील.