जुन्या संगणकाला वेग देताना

आपल्या बहुतेक पेढ्यांमध्ये गादीशेजारी एक जुना संगणक असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला, बिले आणि खाती इमानाने सांभाळणारा, परंतु सकाळी सुरू होताना चहा संपेपर्यंत वाट पाहायला लावणारा. चालू वस्तू मोडीत काढणे व्यापाऱ्याच्या स्वभावात बसत नाही, म्हणून ज्येष्ठ मंडळी तो बदलत नाहीत. घरातील महाविद्यालयीन पिढी मात्र सुचवते की, एक रुपयाही खर्च न करता याच प्रोसेसरचा वेग वाढवता येईल. या क्रियेला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. मुलांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अपुरे आहे. या वाढीव वेगाची किंमत कोण आणि कशी मोजतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रोसेसर एका ठरावीक ठोक्यावर काम करतो. मदरबोर्ड त्याला मूळ ठोका पुरवतो आणि प्रोसेसर त्यास एका गुणकाने गुणतो. २०११ मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या कोअर आय-५ २५००के या प्रोसेसरचे उदाहरण घेऊ. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३३, म्हणून वेग ३.३ गिगाहर्ट्झ, अर्थात सेकंदाला ३३० कोटी ठोके. गुणक वाढवला की वेग वाढतो.

मग कंपनीनेच तो अधिक का ठेवला नाही? याचे उत्तर मोंढ्यातील आडत्याला चटकन उमगेल. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप घडतात. त्यांची तपासणी होऊन प्रतवारी लागते, जशी तुरीची किंवा हरभऱ्याची लागते. ज्या वेगावर चिप सर्व परिस्थितींत बिनचूक चालेल, त्याहून काहीसा कमी वेग कंपनी तिच्यावर छापते. कधी स्वस्त मालाला मागणी अधिक असते, तेव्हा वरच्या प्रतीचा मालही साध्या नावाने विकला जातो. १९९८ मधील इंटेलचा सेलेरॉन ३००ए याच कारणाने गाजला. ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर अनेकांच्या हाती ४५० मेगाहर्ट्झवर निर्वेध चालला. परंतु प्रत्येक नग वेगळा असतो. मित्राच्या प्रोसेसरने जो वेग पेलला, तो आपलाही पेलेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

वाढीव वेगाची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३.३ वरून ४.२ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावे लागले, तर वेगात सुमारे २७ टक्के भर पडते, उष्णतेत मात्र सुमारे ६० टक्के. म्हणजे नफ्यापेक्षा खर्च दुपटीहून अधिक वेगाने वाढतो. हा भार पंख्यावर, एसएमपीएसवर आणि यूपीएसवरही पडतो; वीज गेल्यावर मिळणारी मिनिटे कमी होतात.

आपल्या शहराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोलीचे तापमान २२ अंश असताना प्रोसेसर ७० अंशांवर असेल, तर मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या दुपारी खोली ३८ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर, त्याच कामाला, ८६ अंशांच्या आसपास पोहोचेल. अशा चिप १०० अंशांच्या जवळ गेल्या की स्वतःहून वेग कमी करतात, अखेर संगणक बंद पडतो. म्हणून हिवाळ्यात ठरवलेला वेग उन्हाळ्यात पुन्हा तपासल्याशिवाय खरा मानू नये.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांनी आधी आपला प्रोसेसर त्यास पात्र आहे का ते पाहावे. इंटेलच्या त्या पिढ्यांमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असेल तरच गुणक मुक्त असतो, आणि मदरबोर्डही पी६७, झेड६८ किंवा झेड७७ अशा जातीचा लागतो. दुकानांतील साध्या संगणकांत बहुधा एच६१ सारखे बोर्ड असतात. तेथे हा विषयच संपतो. गुणक बंद असताना मूळ ठोका ओढूनताणून वाढवू नये, कारण त्या पिढीत तोच ठोका हार्ड डिस्कच्या जोडणीलाही बांधलेला असतो.

पात्रता असल्यास पहिले काम सफाईचे. धान्याची धूळ किंवा कापडाचे तंतू हीटसिंकमध्ये साचलेले असतात. संगणकाची वायर काढून मऊ ब्रशने ते काढावेत, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. पुष्कळदा एवढ्यानेच तापमान उतरते आणि गरम होऊन मंदावलेला संगणक पूर्ववत होतो. त्यानंतर सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. बायोसमध्ये व्होल्टेज ‘ऑटो’वर न सोडता मूळ आकड्यावर स्थिर करावे, ऑटोवर बोर्ड आपल्या नकळत ते वाढवतो. मग गुणक एकेकाने वाढवावा. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ ही चाचणी अर्धा तास चालवावी आणि तापमान वहीत लिहावे. मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी तयार झालेला हा प्रोग्राम स्वतःचे गणित स्वतःच पडताळतो, म्हणून प्रोसेसरची चूक तो पकडतो. तापमान ८० अंशांच्या पुढे गेले किंवा एकही चूक आढळली, तर एक पायरी मागे यावे. व्होल्टेज वाढवणे अटळ वाटले तर ते शंभरांश व्होल्टच्या टप्प्याने वाढवावे आणि या पिढीच्या प्रोसेसरला १.३५ व्होल्टची मर्यादा ओलांडू नये. जादा व्होल्टेज आणि उष्णतेने चिपमधील सूक्ष्म तारा हळूहळू झिजतात. ती झीज भरून येत नाही. संगणक सुरूच झाला नाही, तर घाबरू नये. वायर काढून मदरबोर्डवरील बटणसेल काही मिनिटे बाजूला ठेवल्यास बायोस मूळ मांडणीवर येतो.

आता पेढीच्या संगणकाविषयी. ओव्हरक्लॉकिंगमध्ये बंद पडणारा संगणक फारसा धोक्याचा नाही. तो निदान दिसतो. धोका आहे तो चालू राहून चुकणाऱ्याचा. अस्थिर प्रोसेसर एखादी नोंद बिघडवतो, फाइल अर्धवट लिहितो, आणि ते कित्येक महिन्यांनी ताळेबंद जुळवताना उघड होते. तोवर बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल गेलेली असते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. सेकंदाच्या अंशासाठी हे दप्तर पणाला लावणे हिशेबात बसत नाही.

शिवाय पेढीचा संगणक मंद असतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे. फिरत्या हार्ड डिस्कला माहितीचा तुकडा शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. डिस्क बदलली आणि रॅम पुरेशी केली, तर चहाची वाट पाहणारा संगणक घोट संपण्यापूर्वी तयार होतो. तसेच विंडोज १० चे नियमित सुरक्षा पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे आणि या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. वेग वाढवून ही उणीव भरत नाही. बँकेचे आणि कराचे व्यवहार अशा संगणकावरून हलवणेच हिताचे.

मग मुलांच्या उत्साहाचे काय करावे? हिशेब नव्या संगणकावर नेल्यानंतर मोकळा झालेला जुना संगणक, तो पात्र असेल तर, त्यांच्या स्वाधीन करावा. सोबत एक वही द्यावी. तारीख, गुणक, व्होल्टेज, खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान असे रकाने आखून. मे महिन्याचे पान भरेपर्यंत त्यांनी प्रयोग पूर्ण झाला असे म्हणू नये, एवढी एकच अट घालावी.