अंदाज खरा ठरला, पीक गेले



खरिपाआधीच्या जिल्हा बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "अमेरिकेत हवामानाचा अंदाज चुकत नाही, आपल्याच वेधशाळेचे गाडे अडते." बोलणारा तावातावाने बोलतो, बाकीचे माना डोलावतात आणि विषय बियाण्याच्या भावाकडे वळतो. या वेळी म्हटले, अमेरिकेत खरेच काय होते ते एकदा नीट पाहावे. त्यासाठी आम्ही तिथल्या पाच मोठ्या तळ्यांच्या काठचा मुलूख निवडला. आपल्याला मृग जसा, तसा तिथल्या शेतकऱ्याला वसंत. मार्च ते मे हे तीन महिने त्याचे वर्ष ठरवतात.

तळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाझर तलाव येतो. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ ही पाच तळी मिळून सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर भरतात. महाराष्ट्राच्या नकाशावर हे पाणी पसरले तर पाचातले जवळजवळ चार हिस्से बुडतील. हिवाळ्यात गार झालेले एवढे पाणी लवकर तापत नाही. २०१४ साली या तळ्यांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागावर बर्फ धरला होता आणि सुपीरियरवरचे शेवटचे तुकडे जूनमध्ये विरघळले. त्यामुळे वसंतात आतल्या गावांना ऊन लागू लागले तरी काठावर पाण्यावरून थंड वारा येत राहतो.

हा थंड वारा शेतकऱ्याचा मित्र आहे. मिशिगन तळ्याच्या पूर्व काठाने चेरी आणि सफरचंदाच्या बागा आहेत. अमेरिकेतल्या आंबट चेरीचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. बंद कळी कडक थंडी सोसते, पण उमललेले फूल उणे दोन अंशांच्या खाली मरू लागते. तळ्याचा गारवा कळ्यांना थोपवून धरतो आणि पाणी गोठवणाऱ्या रात्री सरल्यावरच झाड फुलते. कोणत्याही कृषी विद्यापीठाने न शिकवता हे गणित तिथल्या जुन्या लोकांनी ओळखले आणि बागा काठावर लावल्या.

आता त्यांच्या अंदाजाकडे वळू. तिथले हवामान केंद्र दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढच्या तीन-तीन महिन्यांचे नकाशे काढते. त्यावर "यंदा पाऊस इतका पडेल" असे कुठेच लिहिलेले नसते. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची तीन पोती केली आहेत : दहा वर्षे ओली, दहा मधली, दहा कोरडी. काहीच ठाऊक नसेल तर प्रत्येक पोत्याला ३३ टक्के. नकाशा सांगतो तो एवढेच की यंदा कोणते पोते किती जड झाले. ४० टक्के ओला म्हणजे अशा दहा वर्षांत चार वेळा ओला आणि सहा वेळा नाही. बऱ्याच वेळा तळ्यांचा मुलूख नकाशावर कोरा असतो. तिन्ही पोती सारखी, आम्हाला सांगता येत नाही, असे ते सरळ कबूल करतात. आपल्याकडे असे कबूल केले तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल, याची कल्पना करावी!

२०१२ साली काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. मार्चमध्येच मिशिगनात उन्हाळा उतरला. दिवसामागून दिवस पारा २६-२७ अंशांवर. तळ्याचा गारवा त्यापुढे टिकला नाही आणि चेरी जवळजवळ महिनाभर आधी फुलली. एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे गोठवणाऱ्या रात्री आल्या, एक नव्हे अनेक. वरची उबदार हवा खाली ढकलणारे मोठे पंखे काही बागांत असतात, पण थंडी वाऱ्यासकट आली तर पंखा काय करणार? मिशिगनची आंबट चेरी सुमारे नव्वद टक्के गेली, सफरचंदाचीही तीच गत झाली.

आणि मार्च ते मे हे तीन महिने? संपूर्ण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तोपर्यंतच्या नोंदींतले सर्वांत उबदार! "वसंत उबदार जाईल" असे कोणी शपथेवर सांगितले असते तर तो शंभर टक्के खरा ठरला असता, आणि त्याच वसंतात पीक थंडीने मेले.

आपल्याकडचे २०२३ आठवा. एप्रिलमध्ये हवामान खात्याने ९६ टक्के सांगितले, पडला ९४. अंदाज पास. पण त्याच चार महिन्यांत देशभरचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. बोंडाला आणि दाण्याला ९४ टक्के पाऊस दिसला नाही, त्यांना ऑगस्ट दिसला.

तळेकाठचा अंदाज आणि आपला अंदाज दोघेही एकाच प्रशांत महासागराकडे डोळे लावून असतात, एल निनो की ला निना ते पाहायला. नेमका मार्च ते मे हाच त्या समुद्राचे पुढचे वागणे ओळखायला सर्वांत अवघड काळ. म्हणून आपला एप्रिलचा अंदाज मेअखेर पुन्हा तपासला जातो. २०१५ साली एप्रिलमध्ये ९३ होते, जूनच्या सुरुवातीला ८८ झाले, प्रत्यक्षात पडला ८६. ज्याने एप्रिलचा आकडा वाचून धूळपेरणीचे ठरवले, त्याने नंतरचा आकडा वाचला होता का, हा आमचा प्रश्न आहे.

तर मग तिथला शेतकरी तरतो कशावर? अंदाजाखाली काहीतरी उभे असते त्यावर. मिशिगनच्या राज्य विद्यापीठाने राज्यभर स्वयंचलित केंद्रे बसवली आहेत. रात्री दोन वाजता जवळच्या केंद्रावर पारा किती उतरला, हे बागाईतदार घरबसल्या पाहतो. २०१९ चा वसंत इतका ओला गेला की ओहायो, मिशिगन आणि शेजारच्या राज्यांत ट्रॅक्टर शेतात घालता आला नाही. देशभर १ कोटी ९४ लाख एकरांवर पेरणीच झाली नाही, म्हणजे महाराष्ट्राच्या कापसाच्या जवळजवळ दुप्पट. त्यांच्या पीकविम्यात न झालेल्या पेरणीचीही भरपाई आहे. सगळे गोड आहे असे नाही : २०१२ साली आंबट चेरीला विमाच नव्हता, तो मागून भांडून मिळवावा लागला.

आपल्याकडे काय चालले आहे? कृषी विज्ञान केंद्रांत २०१८ पासून उघडलेली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे मार्च २०२४ मध्ये बंद केली. पेरणी न झाल्याची भरपाई २०२५ च्या खरिपात राज्याच्या विमा योजनेतून वगळली. पेरून उगवलेले रोप खंडात वाळले तर दुसरे बियाणे ज्याचे त्याने आणायचे. बीटी कापसाचे पाकीट २०२५ साली ९०१ रुपयांचे, एकराला दोन. दुबार पेरणीचा हिशेब तुम्हीच करा, त्यात मजुरी धरा.

म्हणून या बैठकीत "अंदाज अचूक द्या" अशी मागणी कोणी मांडली तर आम्ही तिला पाठिंबा देणार नाही. महसूल मंडळावर महावेधची केंद्रे आहेत. त्यांचे रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. अंदाज जिल्ह्याचा आणि तीन पोत्यांच्या भाषेत हवा, खंडाच्या शक्यतेसकट. आणि न झालेल्या पेरणीची भरपाई विम्यात परत यावी.

बैठकीला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा : गेल्या दहा वर्षांत आपल्या शिवारात पेरणीचा पाऊस कोणत्या तारखेला झाला, त्यानंतर किती दिवसांचा खंड पडला आणि दुबार पेरणी कोणत्या वर्षी करावी लागली. वहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. बियाण्याच्या दुकानाच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर त्याही घेऊन या.