विकत घेतलेली वाहवा

बेळगावच्या खडेबाजारात लुगडे घ्यावयास गेलेली आमची आजी प्रथम पदर चाचपून पाही, मग शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकास विचारी, "काय हो बाई, मागचे लुगडे कसे निघाले?" त्या परक्या बाईच्या शब्दावर आजीचा भरवसा असे, कारण तो शब्द उच्चारण्यात बाईचा काडीचाही स्वार्थ नसे. आज आम्ही घरबसल्या मोबाईलवर वस्तू मागवितो. तेथे पदर चाचपण्याची सोय नाही. उरतो तो त्या बाईचा शब्द, म्हणजे आधीच्या ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय आणि दिलेले तारे. तो शब्दच जर विकत मिळू लागला, तर ग्राहकाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

आणि तो विकत मिळतो, हे आता उघड झाले आहे. 2017 साली लंडनमधील ऊबा बटलर या लेखकाने आपल्या बागेतील लाकडी खोपटाची 'द शेड अ‍ॅट डलिच' या नावाने ट्रिपअ‍ॅडव्हायजर या संकेतस्थळावर उपाहारगृह म्हणून नोंद केली. पक्वान्नांची छायाचित्रे दाढीच्या फेसाची होती. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले, आणि सुमारे सहा महिन्यांत, एकही पान वाढलेले नसता, हे खोपट लंडनच्या हजारो उपाहारगृहांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले! या गृहस्थांनी पूर्वी पैसे घेऊन अशीच स्तुती लिहिली होती. त्यामुळे यातील खाचाखोचा त्यांस ठाऊक होत्या.

ही झाली थट्टा. परंतु भाडोत्री लेखकांकरवी आपल्या मालाची स्तुती व प्रतिस्पर्ध्याच्या मालाची निंदा करविल्याबद्दल तैवानच्या व्यापार आयोगाने 2013 साली सॅमसंग कंपनीस 1 कोटी तैवानी डॉलर दंड केला, ती थट्टा नव्हती. आपल्याकडेही विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नये, असे 2020 च्या ई-वाणिज्य नियमांत सांगितले आहे. भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली अशा अभिप्रायांसाठी मानकही काढले; मात्र ते ऐच्छिक म्हणून.

कोणी म्हणेल, जाहिरात तरी कोठे खरी असते? खरे आहे. पण भाट राजाचा आहे, हे साऱ्या दरबारास ठाऊक असते. त्याची कवने कोणी साक्ष म्हणून ऐकत नाही. येथे भाटच शेजाऱ्याचा सदरा घालून आपल्या ओसरीवर येऊन बसतो. आमचा आक्षेप स्तुतीस नाही, या वेषांतरास आहे.

शाळेच्या अंकात हा विषय कशास, असे वाचक विचारतील. गेल्या वर्षी आमच्याच एका वर्गबंधूस मोबाईलवर निरोप आला : चार ओळींच्या अभिप्रायास वीस रुपये. त्याचा निबंध नेहमीच सरस असे. त्याने पाचसहा अभिप्राय लिहिले, पैसेही आले. मग अधिक कामासाठी अनामत मागण्यात आली, ती त्याने वडिलांच्या खात्यातून भरली, आणि निरोप धाडणारा नाहीसा झाला. दोन हजार रुपये बुडाले, त्याबद्दल घरी बोलणी खावी लागली; ते तो विसरला. पण तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीविषयी, ती बाटली डोळ्यांनी न पाहता, 'माझ्या बाळास फार आवडली' असे त्याने लिहिले होते. ते वाचून कोणत्या आईने ती घेतली असेल, हा प्रश्न त्याला अद्याप सोडीत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांना भुलू नका. दोनतीन तारे देणाऱ्यांची तक्रार आधी वाचा. एकाच दिवशी, एकाच भाषेत उधळलेली स्तुती दिसली तर सावध व्हा. आणि स्वतः लिहाल तेव्हा वापरलेल्या वस्तूविषयीच, गुण तसे दोषही, लिहा. मराठीचे गुरुजन आम्हांस चांगले लिहावयास शिकवितात. ती विद्या वीस रुपयांना विकण्यासाठी त्यांनी आम्हांस दिलेली नाही.