वयाची अट आणि विद्येचे दार

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे ओतीव काम करणारे आणि यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने दाटीने उभे आहेत. त्याच वसाहतीत, कर्नाटक लॉ सोसायटीने १९७९ साली काढलेले गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. कारखान्याच्या फाटकापासून महाविद्यालयाचे फाटक दूर नाही. पण दहावी होताच आयटीआय करून लेथवर उभ्या राहिलेल्या तरुणाला ते अंतर तोडावयास कधी कधी वीस वर्षे लागतात. आधी कर्ज फेडावे, बहिणीचे लग्न करावे, धाकट्याचे शिक्षण पुरे करावे, आणि मग स्वतःकडे पाहण्याची उसंत मिळावी, हा आपल्याकडील असंख्य घरांचा क्रम होय. अशा माणसाने पुन्हा शिकू म्हटले, तर प्रथम त्याची जन्मतारीख विचारली जावी काय?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. भारतीय वकील परिषदेने २००८ च्या नियमांत कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा घातली. राखीव प्रवर्गांना अनुक्रमे २२ आणि ३५ वर्षांची सवलत दिली. २०१३ मध्ये ही अट मागे घेतली, २०१६ मध्ये ती पुन्हा आणली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वैद्यकीय प्रवेशाची कथाही अशीच. २०१८ साली 'नीट' परीक्षेसाठी २५ वर्षांची, राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची मर्यादा जाहीर झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. सर्वोच्च न्यायालयाने वय उलटलेल्यांना तात्पुरती परवानगी दिली. आणि अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती अट काढून टाकल्याचे मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. दार उघडले खरे. परंतु परिपत्रकाने उघडलेले दार परिपत्रकाने बंदही होऊ शकते.

याचे मूळ कायद्यातील एका उणिवेत आहे. आपल्या राज्यघटनेचे १५ वे कलम धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. त्या यादीत वय नाही. अन्याय झालेल्या विद्यार्थ्याला १४ व्या कलमातील समानतेचा आधार घेऊन प्रत्येक वेळी नव्याने न्यायालयाची पायरी चढावी लागते. अमेरिकेने सरकारी साह्य घेणाऱ्या संस्थांपुरता वयाधारित भेदभाव १९७५ च्या कायद्यानेच निषिद्ध केला. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात उच्च शिक्षणाचाही अंतर्भाव आहे. आपल्याकडे मात्र प्रत्येक परिषदेची मर्जी हाच कायदा.

मर्यादेच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. जागा थोड्या आहेत, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पदवी घेणारा समाजाची सेवा थोडीच वर्षे करणार. परंतु जागा थोड्या असतील तर निवड गुणांनी व्हावी. प्रवेशपरीक्षा आहे ती त्याचसाठी. सेवेची वर्षे मोजावयाची, तर पदवी घेऊन परदेशी जाणाऱ्या तरुणाची किती मोजणार? किमान वयाची अट वेगळी. ती उमेदवाराला थांबावयास सांगते. कमाल वयाची अट त्याला कायमचे परत पाठविते.

ब्रह्मचर्याश्रम हाच विद्यार्जनाचा काळ, असे कोणी म्हणेल. पण ज्याचा पहिलाच आश्रम घर चालविण्यात गेला, त्याने काय करावे? पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा विशी ओलांडलेली एक बालविधवा तेथे शिकावयास आली. पुढे तीच आनंदीबाई कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांची सहधर्मचारिणी झाली. तिला कोणी वय विचारून परत पाठविले नाही.

गोमंतकीयांना हे अधिक समजावून सांगावयास नको. १८४२ पासूनचे वैद्यकीय विद्यालय होते. परंतु धेंपे आणि चौगुले ही महाविद्यालये निघाली ती १९६२ साली, मुक्तीनंतर. तोवर कला वा विज्ञानाची पदवी हवी त्याने मुंबई, बेळगाव किंवा धारवाड गाठावे. ज्याच्या घरी ऐपत नव्हती त्याने गप्प बसावे. ज्या पिढीची शिकण्याची वर्षे राज्यकर्त्यांनी वाया घालविली, तिलाच 'उशीर झाला' म्हणून परत पाठविणे हा कोणता न्याय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. उच्च शिक्षणाच्या कोणत्याही प्रवेशात कमाल वयाची अट असणार नाही, असे संसदेने कायद्याने एकदाच सांगावे आणि सर्व परिषदांवर ते बंधनकारक करावे. त्याबरोबरच पाळीवर काम करणाऱ्यांसाठी वर्गांच्या वेळा बदलाव्यात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी लवचिक वेळांच्या अभ्यासक्रमांची मुभा २०२३ पासून दिलीच आहे. उद्यमबागेसारख्या वसाहतींत तिचा पुरेपूर उपयोग व्हावा. वयाची अट निघाली आणि वर्ग कामाच्या वेळीच भरत राहिले, तर कामगाराच्या हाती काहीच पडणार नाही. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा. त्या शब्दात वयाचा उल्लेख नाही. तो कायद्यातही असू नये.