नुसत्या नावाने प्रॉपर्टी कळत नाही

छायाचित्रातला मेटाडेटा वाचण्याचे काम आज आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी करावे लागते. लग्नाच्या अल्बमचे अ‍ॅप असो, विमा कंपनीचे अपघात-पंचनाम्याचे फोटो असोत की ई-पीक पाहणीसारखी अक्षांश-रेखांशासह पिकाचे छायाचित्र मागणारी योजना असो, चित्रासोबत आलेल्या माहितीवर पुढचा निर्णय ठरतो. त्यासाठी आपण तयार लायब्ररी घेतो, तिच्यावर कंपनीपुरते एक वेष्टन चढवतो आणि चार प्रॉपर्टी उघड करतो: तारीख, दिशा, ठिकाण, कॅमेरा. त्यांचे वर्णन मात्र एका ओळीत उरकतो: ‘तारीख: छायाचित्राची तारीख.’ वाचणाऱ्याला नावापलीकडे काहीच कळलेले नसते. या महिन्याचे संपादकीय या एका ओळीबद्दल आहे.

छायाचित्रातला हा मेटाडेटा ज्या एक्झिफ रचनेत साठवला जातो, तिचे पहिले मानक जपानमधल्या उद्योगसंघटनेने १९९५ साली प्रसिद्ध केले. त्याची आतली मांडणी टिफ या फाइल-प्रकाराकडून घेतलेली आहे. प्रत्येक नोंद बारा बाइटची असते: दोन बाइट टॅगचा क्रमांक, दोन बाइट प्रकार, चार बाइट संख्या आणि चार बाइट प्रत्यक्ष मूल्य किंवा ते जिथे ठेवले आहे त्या जागेचा पत्ता. बाइटचा क्रम इंटेल पद्धतीचा की मोटोरोला पद्धतीचा, हे आरंभीची दोन अक्षरे सांगतात. डॉट नेटच्या जुन्या ड्रॉइंग लायब्ररीतला ‘प्रॉपर्टी-आयटम’ हा वर्ग ही मांडणी जवळजवळ जशीच्या तशी पुढे करतो: क्रमांक, लांबी, प्रकार आणि बाइटची रांग. त्या बाइटमधून अर्थ काढणे वापरणाऱ्यावर सोपवलेले असते. पायथनची पिलो एक पायरी पुढे जाऊन बाइटचे आकडे करून देते. पण आकड्याचा अर्थ तरीही वर्णनातच शोधावा लागतो.

दिशेचा टॅग घ्या, क्रमांक २७४. त्याचे मूल्य १ ते ८. सहा म्हणजे चित्र दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवायचे. आता आपली लायब्ररी ‘रुंदी’ म्हणून जो आकडा देते तो फिरवण्याआधीचा की नंतरचा? पिलो फाइलमध्ये साठवलेला आकार देते. फिरवलेले चित्र हवे असेल तर त्यासाठीचे वेगळे फंक्शन बोलवावे लागते. आपल्या वेष्टनाने हे लिहिले नाही, तर उभ्या फोटोची चौकट आडवी पडते आणि दोष निघतो तो पडद्याची रचना करणाऱ्याच्या नावावर.

तारखेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. टॅग ३०६ ही फाइलमध्ये शेवटचा बदल झाल्याची वेळ, ३६८६७ ही छायाचित्र टिपल्याची आणि ३६८६८ ही ते अंकीय झाल्याची. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोत या तिन्ही वेळा वेगळ्या असू शकतात. शिवाय टिपल्याची तारीख मुख्य यादीत नसते, एक्झिफच्या उपयादीत असते. म्हणून पिलोमध्ये मुख्य यादीलाच ३६८६७ विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि ‘फोटोत तारीखच नाही’ असा निष्कर्ष निघतो. वेळ कोणत्या प्रदेशाची, हे सांगणारे टॅग तर २०१६ च्या २.३१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फाइलमधली वेळ भारतीय आहे असे गृहीत धरणारा कोड दुबईतल्या फोटोला दीड तासाने चुकवतो.

ठिकाणाच्या नोंदीत अक्षांश तीन अपूर्णांकांत येतो: अंश, कला, विकला. पुण्याचे १८ अंश ३१ कला १२ विकला म्हणजे १८.५२. उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, हे मात्र वेगळ्या टॅगमध्ये असते. आपली चाचणीची छायाचित्रे नागपूर-नाशिकची, सगळी उत्तर आणि पूर्व गोलार्धातली. त्यामुळे ती अक्षरे न वाचणारा कोडही बिनबोभाट पास होतो. मग न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा फोटो येतो आणि नकाशावर तो किर्गिझस्तानात उमटतो. सातबाऱ्यावर नुसता आकडा लिहून एकर की हेक्टर हे गाळले तर जो घोळ होईल, तोच हा.

मराठीत मथळा लिहिणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. वर्णनाचा टॅग २७० मानकाने आस्की ठरवलेला होता; यूटीएफ-८ ला अधिकृत जागा मिळाली ती २०२३ च्या ३.० आवृत्तीत. दरम्यान अनेक प्रोग्रॅम त्याच टॅगमध्ये यूटीएफ-८ चे बाइट भरत राहिले आणि विंडोजने आपले स्वतंत्र टॅग यूटीएफ-१६ मध्ये ठेवले. लायब्ररी कोणते एन्कोडिंग धरून वाचते हे लिहिलेले नसेल, तर देवनागरी मथळ्याचा चुराडा कुठे झाला हे शोधण्यात दिवस जातो.

साठवताना काय होते, हेही सांगायला हवे. पिलोमधून जेपेग पुन्हा साठवले आणि एक्झिफ मुद्दाम सोबत दिले नाही, तर ते गळते. कधी ते गळणे नुकसानीचे असते, कधी न गळणे. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या जॉन मॅकॅफी यांचा एका नियतकालिकाने प्रसिद्ध केलेला फोटो ठिकाणाच्या नोंदीसह बाहेर पडला आणि ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले.

म्हणून आमची डेव्हलपर मित्रांना विनंती आहे. प्रत्येक प्रॉपर्टीपुढे पाच गोष्टी लिहा: मूल्याचा प्रकार, एकक किंवा एन्कोडिंग, ते कोणत्या टॅगमधून आणि कोणत्या यादीतून आले, टॅग नसेल किंवा बिघडलेला असेल तर काय मिळेल, रिकामे मूल्य की अपवाद, आणि फाइल पुन्हा साठवल्यावर ते टिकेल की जाईल. यातली चौथी सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि डॉट नेटमध्ये नसलेला टॅग मागितला की थेट अपवाद फेकला जातो हे अनेकांना ग्राहकाच्या यंत्रावरच कळते. चाचणीच्या संचात दक्षिण गोलार्धातला एक, पश्चिमेचा एक, मेटाडेटा नसलेला एक आणि देवनागरी मथळ्याचा एक फोटो ठेवा. पाच ओळी लिहायला दहा मिनिटे पुरतात. पुढच्या आवृत्तीत नवी प्रॉपर्टी जोडण्याआधी जुन्या प्रॉपर्टींची ही पाच उत्तरे पूर्ण करा.